‘लिंक नाही’ : जाळ्यावरच्या हिरव्या दिव्याचा इतिहास

नागपूर–हैदराबाद महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात वडनेर आहे. अशा गावांतील ग्रामपंचायत, टपाल कार्यालय किंवा बँकेच्या शाखेत अलीकडच्या काळात दोन शब्द फार ऐकू येतात : ‘लिंक नाही’. दाखल्यासाठी शेतातले काम टाकून आलेला माणूस ते ऐकून परत फिरतो. त्याचा दिवस गेलेला असतो, मजुरीही गेलेली असते. आणि अनेकदा त्याच वेळी भिंतीवरच्या लहानशा पेटीवर एक हिरवा दिवा शांतपणे जळत असतो. त्या दिव्यापाशी बारीक अक्षरांत शब्द छापलेला असतो, तोही हाच : लिंक. #धागा #तंत्रइतिहास

मग खोटे कोण बोलते, दिवा की कारकून? बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. कारकुनाच्या ‘लिंक’मध्ये गावापासून मुंबई किंवा पुण्यातल्या सर्व्हरपर्यंतची सगळी वाट येते. दिव्याच्या ‘लिंक’मध्ये येते ती फक्त एका तारेची दोन टोके. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, हे समजण्यासाठी त्या दिव्याचे कूळ शोधावे लागते. ते रेल्वेच्या कंदिलापर्यंत मागे जाते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. त्या काळातील ब्रिटिश पद्धतीत रात्रीच्या कंदिलांचे अर्थ आजच्यासारखे नव्हते. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधगिरी आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. या रचनेत एक जीवघेणे वैगुण्य होते. तांबडी काच फुटून गळून पडली की आतली पांढरी ज्योत उघडी पडे आणि ‘थांबा’ सांगणारा कंदील ‘जा’ सांगू लागे. शिवाय रुळांच्या कडेला घरांतले पांढरे दिवे वाढत चालले होते, ते वेगळेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची हकालपट्टी झाली आणि ‘मार्ग मोकळा’ हे काम हिरव्याकडे आले.

त्या बदलामागचा नियम आजही यंत्ररचनेत पाळला जातो : बिघाडाचे रूप कधीही ‘सर्व ठीक’ यासारखे दिसू नये. जाळ्याच्या पेटीवरचा लिंकदिवा ठीक असताना जळतो आणि तार तुटली की विझतो, याचे कारण हेच. दिवाच खराब झाला तर फार तर चांगली तार नादुरुस्त असल्याचा संशय येईल. तुटलेली तार चांगली भासणार नाही.

रंगांचा मात्र एक जुना प्रश्न तसाच राहिला. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी ओळखायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची दृष्टी तपासण्याची पद्धत रूढ केली. अपघाताला रंगांधत्वच कारण होते का, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. चाचणी मात्र जगभर पसरली. आज इंजिनचालकाची रंगदृष्टी तपासली जाते. ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाची कोणी तपासत नाही, आणि त्याच्यासमोरच्या पेटीवर हिरवा व पिवळा हे दोन्ही रंग बहुधा एकाच तिळाएवढ्या काचेतून उमटतात.

रेल्वेनंतरचा टप्पा टेलिफोनचा. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. आरंभीच्या फळ्यांवर दिवे नसत. ग्राहकाने आपल्या यंत्राची मूठ फिरवली की फळ्यावरची त्याच्या क्रमांकाची लहान झडप खाली पडे, आणि ऑपरेटर ती पाहून दोरी जोडी. पुढे, शतक संपता संपता, झडपांच्या जागी इवलेसे विजेचे दिवे आले.

या दिव्यांची भाषा तपशिलाने पाहण्यासारखी आहे. दोन ग्राहकांना जोडणाऱ्या प्रत्येक दोरीसाठी दोन दिवे असत, प्रत्येक टोकाचा एक. ग्राहकाने फोन उचललेला असेल तर त्याचा दिवा विझलेला राही. त्याने फोन खाली ठेवला की तो पेटे. दोन्ही दिवे विझलेले असतील तर बोलणे चालू आहे. एकच पेटला तर एकाने फोन ठेवला आहे. दोन्ही पेटले तर बोलणे संपले आहे आणि दोरी काढायची आहे. म्हणजे येथे अंधार हीच चालू कामाची खूण होती. हे रेल्वेच्या नियमाच्या उलट दिसते, पण त्याला कारण आहे. फळ्यासमोर बसलेल्या ऑपरेटरला, आणि त्या बहुतेक स्त्रिया असत, चालू संभाषणाकडे लक्ष द्यायचेच नव्हते. जिथे हात घालायचा तिथेच दिवा लागावा, अशी ती सोय होती. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या ग्राहकाला मात्र यातले काही दिसत नसे. त्याच्या वाट्याला फक्त ‘लाइन बिझी आहे’ हे उत्तर येई. आजचे ‘लिंक नाही’ त्याच घराण्यातले.

टेलिफोनचे हे दिवे तारेच्या बल्बांचे होते, म्हणजे तापणारे आणि विझणारे. पहिल्या पिढीच्या संगणकांच्या नियंत्रणफळ्यांवरही दिव्यांच्या रांगा असत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा त्याच निर्वात नळ्यांच्या युगातला. नळी काय, बल्ब काय, दोन्ही जळून जाणारच. दर तारेमागे एक दिवा, असे शेकडो दिवे वर्षानुवर्षे जळत ठेवायचे, ही चैन तेव्हा परवडणारी नव्हती.

ती परवडू लागली एलईडीमुळे. हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याने १९०७ मध्ये कार्बोरंडमच्या स्फटिकातून वीज जाताना प्रकाश पडतो, हे एका छोट्या टिपणात नोंदवले आणि विषय तिथेच सोडला. १९२० च्या दशकात सोव्हिएत संघात ओलेग लोसेव यांनी त्याचा चिकाटीने अभ्यास केला. ते १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने वारले. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी बनवला. १९६८ पासून मोन्सँटो कंपनीने असे दिवे मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली. होलोन्याक यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये पिवळा एलईडी दिला. तांबडा, हिरवा आणि पिवळा, एवढीच रंगपेटी पुढे वीस वर्षे हाताशी होती. झगझगीत निळा एलईडी १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या हातून आला. म्हणूनच जुन्या स्विचवर निळा दिवा दिसत नाही. पिवळ्याची तर आणखी एक युक्ती आहे : एकाच काचेखाली तांबडा आणि हिरवा असे दोन कण बसवायचे आणि दोन्ही एकदम पेटवायचे. पेटीवर दिसणारा पिवळा हा पुष्कळदा असा मिश्र असतो.

आता मुख्य कथेकडे. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. आरंभीचे इथरनेट म्हणजे एक लांब केबल आणि तिला ठिकठिकाणी जोडलेले संगणक. विहिरीच्या एकाच दोराला सगळ्यांनी बादल्या बांधाव्यात, असला प्रकार. केबलच्या दोन्ही टोकांना एक लहान टोपण लागे. ते सैल झाले, किंवा मधल्या एखाद्या टेबलाखाली कोणाचा पाय लागून जोड सुटला, तर सगळे कार्यालय बंद पडे. कुठे बिघडले, हे सांगणारा दिवा नव्हता. तंत्रज्ञ गुडघ्यांवर बसून एकेका टेबलाखालचा जोड चाचपत जाई.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही रचना मोडली. प्रत्येक संगणकापासून टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांची स्वतंत्र जोडणी एका मध्यवर्ती पेटीपर्यंत आणायची, ही पद्धत सिनऑप्टिक्ससारख्या कंपन्यांनी रुळवली, आणि १९९० मध्ये ‘टेन-बेस-टी’ या नावाने तिचे मानक झाले. मध्यवर्ती पेटीला ‘हब’ म्हणत. आता प्रत्येक तारेचे टोक एका ठिकाणी होते आणि प्रत्येक टोकावर दिवा लावता येत होता. एक तार तुटली तर एकच दिवा विझे, बाकीचे कार्यालय चालू राही. टेबलाखाली रांगण्याचे दिवस संपले.

पण तार शाबूत आहे, हे दिव्याला कळायचे कसे? कोणी काही पाठवत नसेल तर चांगली तार आणि तुटलेली तार, दोन्ही सारख्याच मुक्या. यावर मानककर्त्यांनी काढलेला तोडगा असा : पाठवायला काही नसतानाही दोन्ही टोकांनी सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ वेळा, एक बारीकसा विद्युत ठोका तारेवर सोडायचा. तो ठोका पलीकडून येत राहिला तर दिवा जळता ठेवायचा. काही काळ ना माहिती आली ना ठोका, तर दिवा विझवायचा. रात्री गस्त घालणाऱ्या जागल्याने ठरावीक वेळाने हाळी द्यावी आणि ती ऐकून गावाने निश्चिंत व्हावे, तसे हे.

हिरव्या लिंकदिव्याचा मूळ अर्थ एवढाच : पलीकडच्या टोकाची हाळी ऐकू येत आहे. आणि त्यातही एक मेख आहे. टेन-बेस-टीमध्ये जाण्याची तारजोडी वेगळी आणि येण्याची वेगळी. त्यातली एकच तुटली तर एका टोकाला हाळी ऐकू येते, दुसऱ्याला येत नाही. एका टोकाचा दिवा हिरवा, दुसऱ्याचा विझलेला. जुने तंत्रज्ञ तारेची दोन्ही टोके पाहिल्याशिवाय निदान करत नसत, ते यामुळे. १९९५ च्या शीघ्र इथरनेटमध्ये या ठोक्यांचे पुंजके झाले आणि त्यांतून १६ बिटांचा छोटा संदेश जाऊ लागला : ‘मला एवढा वेग झेपतो, तुला किती?’ दोन्ही टोके त्यावरून वेग ठरवू लागली, आणि वेग सांगण्यासाठी दिव्याला दुसरा रंग मिळाला.

येथे एक गोंधळ शिरला तो आजतागायत निघालेला नाही. ठोका किती वेळाने सोडायचा, हे मानकाने ठरवले. दिव्याचा रंग कोणता असावा, हे ठरवले नाही. त्यामुळे एका कंपनीच्या पेटीवर पिवळा म्हणजे कमी वेग, तर दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर पिवळा म्हणजे अडवलेला पोर्ट. रेल्वेने पन्नास-साठ वर्षांत जे एकमत घडवले, ते या धंद्याने घडवले नाही. पेटीसोबत आलेला कागद फेकून देणाऱ्याला पिवळ्या दिव्याचा अर्थ सांगता येणार नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

हबचा स्वभाव दवंडीसारखा होता. एका पोर्टवर आलेला निरोप तो उरलेल्या सगळ्या पोर्टांवर ओरडून सांगे. दोन जण एकदम बोलले की निरोपांची टक्कर होई, आणि त्यासाठी अनेक हबांवर वेगळा टक्करदिवा असे. १९९० मध्ये या दवंडीला पर्याय आला. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासह स्थापन केलेल्या कंपनीने सात पोर्टांचा ‘इथरस्विच’ बाजारात आणला. कंपनीला नाव दिले होते भारद्वाज यांच्या पत्नीचे : कल्पना. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. मराठी वाचकाला गंमत वाटावी, असे हे नाव जगभरच्या स्विचच्या इतिहासात पहिल्याच पानावर आहे.

स्विच हा दवंडीवाला नव्हे, टपालवाला. कोणत्या पोर्टामागे कोणता पत्ता राहतो, हे तो येणाऱ्या निरोपांवरून शिकतो आणि पुढचा निरोप त्याच दारात टाकतो. पत्ता गोंधळला की टपालवाल्याचे काय होते, हे वर्धा जिल्ह्याला शिकवायला नको. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला गेले त्याचे नाव सेगाव. त्यांची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, आणि अखेर १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. वडनेरचीही तीच कथा होऊ शकते : नाशिकचे वडनेर भैरव, बुलढाण्याचे वडनेर भोलजी, अमरावतीचे वडनेर गंगाई. जाळ्यात दोन यंत्रांचा पत्ता एकच निघाला तर स्विचही असाच भांबावतो, एकाचे टपाल कधी या दारी, कधी त्या दारी. आणि या गोंधळात लिंकदिवे सगळे हिरवे असतात, कारण तारा चांगल्याच आहेत.

स्विचमुळे एक नवे संकटही आले. कोणी अनवधानाने एकाच केबलची दोन्ही टोके दोन पोर्टांत खुपसली, किंवा दोन स्विच दोन वाटांनी जोडले, तर सर्वांसाठीचा निरोप त्या वर्तुळात फिरत राहतो आणि क्षणाक्षणाला वाढतो. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय शोधून ठेवला होता : जाळ्यातल्या पेट्यांनी आपसांत बोलून वर्तुळ तोडायचे आणि झाडासारखी एकच वाट मोकळी ठेवायची. या उपायाच्या मूळ रूपात नवा पोर्ट दोन टप्प्यांत प्रत्येकी १५ सेकंद थांबतो. त्या वेळी काही पेट्यांवर दिवा पिवळा दिसतो आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने हिरवा होतो. घाईत असलेला माणूस ते अर्धे मिनिट थांबत नाही. केबल काढतो, पुन्हा लावतो, आणि तीस सेकंद नव्याने सुरू करतो.

जिथे हा उपाय चालू नसतो, तिथे वर्तुळ पडले की पेटीवरचे सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकू लागतात. नवख्याला ते दृश्य भरभराटीचे वाटते. प्रत्यक्षात जाळे गुदमरलेले असते.

लुकलुकण्याविषयी थोडे. शंभर मेगाबिटच्या तारेवरून एक पूर्ण आकाराचा निरोप जायला सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. एवढी लहान चमक डोळ्याला दिसत नाही. म्हणून पेटीतले मंडल ती ताणून लांब करते. दिव्याची एक उघडझाप म्हणजे एक निरोप नव्हे. ‘इतक्यात काहीतरी गेले’ एवढेच ती सांगते. काही जुन्या उपकरणांत, विशेषतः मोडेममध्ये, असे ताणणे नव्हते. दिवा थेट माहितीच्या तारेवरच बसवलेला असे. जो लॉफ्री आणि डेव्हिड अम्फ्रेस यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की अशा दिव्याचा प्रकाश दुरून योग्य यंत्राने टिपला तर आतून जाणारी माहितीच वाचता येते. साक्ष द्यायला उभा केलेला दिवा घरातली गुपिते सांगत होता.

आता पुन्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि महाराष्ट्रात पुढील टप्पा ‘महानेट’ म्हणून ओळखला गेला. पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात तालुक्याच्या ठिकाणी एक मोठी पेटी, तिथून निघालेला तंतू, वाटेत त्याच्या शाखा पाडणारा विभाजक आणि गावात शेवटची लहान पेटी अशी रचना होती. विभाजकाला वीज लागत नाही. त्यामुळे त्यावर दिवाही नसतो. तंतूतून धावणारा प्रकाश तर डोळ्यांना न दिसणारा, गावाकडे येताना १४९० नॅनोमीटरचा आणि जाताना १३१० नॅनोमीटरचा. माहिती वाहणारा खरा प्रकाश अदृश्य, आणि दिसतो तो फक्त त्याच्याविषयी सांगणारा दिवा.

हाच आराखडा वडनेरला लावून पाहिला तर तालुका म्हणजे हिंगणघाट. गावच्या पेटीवरचा ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असेल तर हिंगणघाटच्या पेटीने या पेटीला ओळखले आहे. तो लुकलुकत राहिला तर ओळख पटवण्याचे काम चालू आहे किंवा अडले आहे. ‘एलओएस’ दिवा तांबडा झाला तर प्रकाशच पोहोचत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताखाली तंतू आला, की हे घडते. आणि ज्याच्यापाशी ‘लॅन’ किंवा ‘लिंक’ लिहिलेले आहे तो हिरवा दिवा? तो पेटी आणि टेबलावरचा संगणक यांच्यामधल्या दोन-चार मीटर केबलची ग्वाही देतो. महामार्गावर तंतू तुटलेला असला तरी तो जळतच राहतो.

योजनेच्या हिशेबातही या दिव्यासारखाच शब्द आहे : ‘सर्व्हिस रेडी’. तंतू पोहोचला, पेटी बसली, चाचणी झाली की पंचायत या रकान्यात जाते. एक लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेही याच मापाने. ते माप खोटे म्हणता येत नाही. पण त्या पंचायतीत आज, या क्षणी दाखला निघतो का, हा प्रश्न त्या रकान्यात विचारलेलाच नाही. टेलिफोनच्या फळ्यावर ग्राहक दिसत नसे, तसा येथेही रांगेत उभा असलेला माणूस दिसत नाही.

त्याला कामाची ठरेल ती दिव्यांची वाट अशी. सगळेच दिवे विझलेले असतील तर आधी विजेचा प्रश्न. लॅनचा दिवा विझला असेल तर दोष खोलीतच आहे; केबल काढून घट्ट बसवावी आणि अर्धे मिनिट थांबावे. एलओएस तांबडा असेल तर दोष गाव आणि तालुका यांच्यामध्ये, आणि तक्रार तंतूची. पॉन स्थिर हिरवा, लॅन हिरवा, तरीही ‘लिंक नाही’ असेल तर दोष हिंगणघाटच्या पलीकडे कुठेतरी किंवा सर्व्हरवरच आहे. तो दाखवणारा दिवा गावच्या पेटीवर बसवलेलाच नाही. तिथे फोन लावावा लागतो.